गुरुवार होता

मी टेलिफोन खात्यात मॉनिटर होते. म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आता ते कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तंजावूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बारा बायका एका लांबलचक बोर्डापुढे बसून गावोगावचे कॉल जोडायच्या. त्यांच्या मागे एका उंच टेबलाशी, कानाला हेडफोन लावून, त्या नीट काम करतात की नाही हे ऐकणारी आणखी एक बाई बसायची. ती मी, भवानी. कोण गिऱ्हाइकाशी आगाऊपणा करतंय, कोण लोकांचं खाजगी बोलणं ऐकत बसलंय, कोण ओळखीच्या माणसाला फुकट मिनिटं देतंय, हे पकडायचा मला पगार मिळायचा. बावीस वर्षं संशयाचा पगार खाल्ल्यावर तो स्वभाव चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. दूधवाला, धाकटी जाऊ, देवळातला नवा गुरुक्कळ, सगळ्यांना मी त्याच कानानं ऐकायचे. आमचे हे, कल्याणराम, म्हणायचे की हिच्यापुढे जेवताना बोललं तरी घास मोजल्यासारखं वाटतं.

सांगायचं आहे ते सुंदरीबद्दल. पूर्ण नाव ज्ञानसुंदरी. बोर्डावरची चौथी जागा तिची. बारीक चण, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, आणि वर्षाचे बारा महिने फिकट साड्या. जातीची ख्रिस्ती, म्हणजे आजोबांपासूनची. वडील ओरत्तनाडुकडच्या एका खेड्यात उपदेशी होते, म्हणजे पाद्री येत नसे त्या आठवड्यात तिथल्या लहानशा चर्चमध्ये तेच प्रार्थना चालवायचे. ती शिकायला शहरात आली आणि आमच्या मेलवीथीच्या मागच्या गल्लीत राहिली. आमच्याच परसात बसून आमची तंजावूरी मराठी शिकली, जुनी आणि तमिळच्या चालीवर हेलकावणारी. माझी ही लिहिण्यातली मराठी पुण्याला लेकीकडे राहून धुतलेली आहे, त्यावरून आमच्या बोलण्याचा अंदाज बांधू नका.

तिच्या वडिलांनी जाताना तिला सांगितलं होतं की देवानं तुला एका ठराविक कामासाठी घडवलंय, ते शोध. काय काम, हे काही सांगितलं नाही. बापानं जाता जाता असं काहीतरी बोलून ठेवावं आणि पत्ता देऊ नये, ह्याचा मला तिच्या वतीनं रागच यायचा. कारण पोरगी खरोखर शोधत बसली. नर्सिंगला गेली, तर पहिल्याच इंजेक्शनला चक्कर येऊन पडली. रविवारी चर्चमधल्या मुलांना शिकवायला लागली, तर मुलं तिच्या डोक्यावर बसली. गाण्याच्या गटात गेली, तर पंधरा दिवसांत बाईंनी गोड बोलून मागच्या रांगेत बसवलं. तिचा आवाज "नंबर सांगा" म्हणायला सोन्यासारखा होता, सुरात मात्र लागत नव्हता. लग्नाच्या दोन बोलण्या फिसकटल्या. तेवढ्यात टेलिफोनची नोकरी लागली, आणि देवाचं काम सापडेपर्यंत हे करू, असं म्हणत तिनं पंचवीस वर्षं काढली. मला हे सगळं जरा संशयास्पदच वाटायचं. सरकारी पगार, पेन्शन, सणाचा बोनस, आणि बाई म्हणते अजून माझं काम सुरूच झालं नाही.

त्यांच्यात एक रीत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी चर्चमध्ये एका ताटात छापील कार्डं उलटी मांडलेली असतात. ते लोक आपल्या धर्मग्रंथाला वेदम म्हणतात, त्यातलं एकेक वचन एकेका कार्डावर असतं. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायचं. जे हाती येईल ते वर्षभरासाठी देवानं तुम्हाला दिलेलं वचन. घरातलं कुणी आलं नसेल, तर त्याच्या नावानं दुसरं उचलता येतं. बाकीचे लोक ते कार्ड देवाच्या तसबिरीला खोचून विसरून जातात. सुंदरी विसरायची नाही. एका वर्षी तंबू मोठा करण्याबद्दल काही निघालं, तर हिनं मोठं घर भाड्यानं घेतलं. ते पावसात गळायला लागलं. एकदा डोंगरांकडे डोळे लावण्याबद्दल निघालं, तर वर्षभर कोडैकानलच्या कॉलवर हिचं विशेष लक्ष. मी चेष्टा करायचे. ती हसायची, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा नवं कार्ड बोर्डाच्या कडेला खोचायची.

मग आमचेच दिवस फिरले. नाक्यानाक्यावर पिवळे एस.टी.डी. बूथ उभे राहिले. लोक स्वतःच नंबर फिरवून दिल्लीशी बोलायला लागले, आणि आमच्या बोर्डावर उरले ते खेड्यातले कॉल, पोस्टाच्या टेलिफोनवरून बोलणारे किंवा जुन्या एक्स्चेंजवरचे. शहाण्णव साली साहेबांनी सांगून टाकलं की वर्षअखेरीस ट्रंक रूम बंद, बायकांना दुसऱ्या विभागात वाटून देणार. बाकीच्या बदली कुठे होणार ह्याची चौकशी करत होत्या. सुंदरी मात्र खिन्न झाली. पंचवीस वर्षं वाट पाहिली आणि स्टेशनच बंद व्हायला आलं, असं काहीसं तिचं झालं होतं.

त्या वर्षी तिनं बोर्डावर कार्ड खोचलं नाही. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

फेब्रुवारीत आणखी काही गोष्टी दिसल्या. सुंदरी पाळ्या बदलून घ्यायला लागली, सकाळची पाळी, दोनला मोकळी. दोनला सुटून घरी जायची ती जुन्या बसस्टँडकडे वळायची. पर्समध्ये एक लहान वही आली होती. आणि मुख्य म्हणजे, तिच्या बोर्डावरची की, म्हणजे ऐकायचा खटका, खाली राहायला लागली. हे समजावून सांगायला हवं. कॉल जोडून झाला की ऑपरेटरनं आपली की उचलायची, म्हणजे तिला बोलणं ऐकू येत नाही. तीन मिनिटं झाली की पुन्हा आत शिरून विचारायचं, वाढवायचं का. माझ्या बावीस वर्षांत सुंदरीची की एकदाही खाली राहिलेली मला सापडली नव्हती. आता ती तीन मिनिटांना आत शिरली की बाहेर यायला उशीर करत होती. लोकांचं बोलणं ऐकणं हा आमच्याकडे साधा गुन्हा नव्हता. नोकरी जायची, पेन्शनवर पाणी सोडावं लागायचं.

मी लगेच लिहिलं नाही. कच्चा संशय मी कधी कागदावर उतरवत नसे. पिकू द्यायचे.

मार्चमध्ये एक म्हातारी केळ्यांचा घड घेऊन थेट ट्रंक रूमच्या दारात आली. नाव शेषम्मा. तिला "मी ऐकलं" म्हणणारी अम्मा हवी होती. सुंदरीची त्या दिवशी सुटी होती. मी म्हातारीला बाकावर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. तिचा मुलगा मुंबईला. बापाच्या वर्षश्राद्धाला येत नाही असं त्यानं फोनवर सांगितलं आणि तीन मिनिटांनी कॉल तुटला. तुटल्यावरही ही पोस्टात उभी राहून हॅलो, हॅलो करत राहिली. दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी. म्हणाली, मी तंजावूरची टेलिफोनवाली, हे माझं नाव, हा ऑफिसचा पत्ता. काल तुमचं बोलणं मी ऐकलं. ऐकणं चूक होतं, तक्रार करायची तर करा. पण ऐकल्यावर घरी बसवेना.

मी विचारलं, मग काय केलं तिनं. शेषम्मा म्हणाली, विहिरीचं पाणी काढून दिलं, श्राद्धाचे तांदूळ निवडायला बसली. त्यांचं वेदमचं पुस्तक काढलं का, मी विचारलं. नाही. औषध, तेल, कागद, काही दिलं का. नाही. प्रार्थना? म्हातारी विचारात पडली. एक मिनिट डोळे मिटू का असं विचारलं होतं, म्हणाली, मी म्हटलं मीट, तिनं मिटले, मग उघडले.

माझं समाधान झालं नाही. उलट संशय दुप्पट झाला. ज्याला काही मिळवायचं असतं तो पहिल्या दिवशी पुस्तक काढत नाही, एवढं मला कळत होतं. घरी ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले की त्या लोकांत बाटवलेली डोकी मोजतात, एकेका डोक्यामागे वरून शाबासकी येते. त्यांनी हे कुठे वाचलं होतं देव जाणे, पण मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एक कॉल आला, तो मला शब्दन् शब्द आठवतो. ओरत्तनाडुच्या पलीकडच्या गावातून माझे लांबचे चुलतभाऊ अनिरुद्धराव मद्रासच्या भावाशी बोलत होते. आमच्यातलंच जुनं जमीनदार घर. माझ्या हेडफोनवर त्या वेळी चौथीच जागा होती. त्यांची मुलगी महालक्ष्मी लग्नानंतर वर्षभरात सासरहून परत पाठवली गेली होती. दोन महिने ती घरातच होती आणि नात्यात कुणाला पत्ता नव्हता. अनिरुद्धराव म्हणत होते, जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर परसात बसते. मग आवाज खाली करून म्हणाले की विहिरीवर लाकडी झाकण करून घेतलंय आणि कुलूप लावलंय.

मी ऐकलं. ते माझं कामच होतं, माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. कामावर ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियमही माझ्या बाजूनं होता. महालक्ष्मीच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली होती. पाच वाजता मी घरी गेले आणि रसम केलं. थोडं खरंही सांगते. त्या घराचा तोरा फार होता, आणि मला किंचित बरं वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी मी डोक्यावरून पदर घेऊन सुंदरीच्या मागोमाग त्याच बसमध्ये चढले, मागच्या दारानं. बस ओरत्तनाडुला आली, मुक्तांबाळ छत्रमाच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, भिंतीला वळसा घालून पुढे निघाली. नांगरलेली शेतं, कोरडा कालवा, नारळ. सुंदरी उतरली तो थांबा पाहून मी पदर आणखी पुढे ओढला. तो अनिरुद्धरावांचा थांबा होता. मी उतरले नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसनं परत आले. वाटेत माझ्या डोक्यात सगळं जुळून बसलं. म्हाताऱ्या झाल्या, आता ही आमच्या मुलीवर आली. घरची कोसळलेली, एकटी, वीस-बावीस वर्षांची. असंच माणूस हवं असतं त्यांना.

कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, ती अम्मा दर गुरुवारी येते.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी घरून ट्रंक कॉल लावला. सुंदरी सकाळच्या पाळीला असते, हे पक्कं धरून. बुकिंग चंद्रमती नावाच्या ऑपरेटरनं घेतलं. थोड्या वेळानं घंटी वाजली, "लाइनवर आहेत, बोला" एवढं कुणीतरी म्हणालं. बारा बायकांचे आवाज झोपेतही ओळखणारी मी, पण तो आवाज कुणाचा इकडे माझं लक्ष नव्हतं, कारण काय बोलायचं त्याची मी जुळवाजुळव करत होते. अनिरुद्धरावांना मी सांगितलं की बसमधून जाताना दिसलं, एक ख्रिस्ती बाई दर गुरुवारी दुपारी तुमच्या घरी येते, तुम्ही शेतावर असता तेव्हा. लक्ष ठेवा. महालक्ष्मीबद्दल मी काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या गुरुवारी अनिरुद्धराव शेतावर गेलेच नाहीत. सुंदरी आली, त्यांनी दारातच विचारलं तू कोण, तर हिनं नाव सांगितलं, खातं सांगितलं, आणि तुमचा मद्रासचा कॉल मी ऐकला हेही सांगितलं. सोमवारी लेखी तक्रार आमच्या साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी मला बोलावून म्हटलं, मॉनिटर म्हणून तुमचं लेखी मत गुरुवारी दुपारपर्यंत द्या. ऑपरेटर ऐकत होती की नाही, एवढंच. तुमच्या कागदावर पुढचं ठरेल.

बुधवारी मी सुंदरीला बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. मी तयारीनं गेले होते. की खाली राहिल्याच्या तारखा माझ्याकडे टिपलेल्या होत्या. पण तिनं पहिल्याच प्रश्नाला हौ म्हटलं आणि ती लहान वही माझ्यापुढे ठेवली. सात घरं होती. गाव, नाव, आणि पुढे काय केलं ते. तांदूळ निवडले. पत्र वाचून दाखवलं. दवाखान्यात सोबत गेले. महालक्ष्मीच्या नावापुढे चार वेळा एकच लिहिलं होतं, चिंच फोडली. कुणाला चर्चमध्ये नेल्याचं, कुणाला पुस्तक दिल्याचं कुठेच नव्हतं. मी वही दोनदा चाळली. नसलेलं शोधण्यात माझा हात कुणी धरला नसता.

मी म्हटलं, त्या मुलीला तू काय शिकवत होतीस. ती म्हणाली काही नाही, ती मुलगी बोलतच नाही, पहिल्या तीन गुरुवारी एक शब्द नाही. चौथ्या गुरुवारी तिनं विचारलं होतं, पुढल्या वेळीं याल ना. पाचव्या गुरुवारी वडील दारात उभे होते.

"तुमचा कॉल मीच जोडलें, अक्का," सुंदरी म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आदल्या आठवड्यातल्या बुधवारी चंद्रमतीच्या शेजारची बाई आजारी पडली होती आणि हिनं तिची संध्याकाळची पाळी घेतली होती. तीन मिनिटांना आत शिरावंच लागलं, ती म्हणाली, आणि तेव्हा तुम्ही लक्ष ठेवा म्हणत होतां. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे ते घरीं असतील हें तुला ठाऊक होतें," मी म्हटलं. "मग गेलीस कां?"

"गुरुवार होता, अक्का."

मी वही मिटून तिच्याकडे सरकवली. मग मला राग आला, तिच्यावरच, कारण स्वतःवर येऊ द्यायला मी तयार नव्हते. मी म्हटलं, हे सगळं तुझ्या त्या कार्डामुळे. ह्या वर्षी काय निघालं ते तू लपवलंस, मी पाहिलंय.

तेव्हा तिनं पर्समधून कार्डं काढली. एक नाही, दोन. आणि जे सांगितलं ते ऐकून मी खरंच संतापले. गेली चौदा वर्षं ती दर नव्या वर्षाला माझ्या नावानं एक कार्ड उचलत होती. मला कधी दाखवलं नव्हतं, कारण मला आवडणार नाही हे तिला माहीत होतं. घरी नेऊन ठेवायची, वर्षभर माझ्यासाठी तेच म्हणायची. कुणी सांगितलं होतं तुला, मी विचारलं. कुणी नाही, म्हणाली, तुम्ही घरच्या, म्हणून. ह्या वर्षी मात्र घोटाळा झाला. दोन्ही कार्डं तिनं गाण्याच्या पुस्तकात घातली, चर्चच्या दारात गर्दीत ते पुस्तक पडलं, कुणीतरी उचलून दिलं, आणि घरी येऊन पाहते तो कुठलं कुणाचं हे सांगता येईना. कार्डावर नाव नसतं. एकावर साधारण असं होतं की गप्प राहा, तुझी बाजू दुसरा कुणी लढेल. दुसऱ्यावर असं, की थकलेल्या माणसाला धीर देता यावा म्हणून तुझा कान रोज सकाळी उघडला जातो.

"मी आठ दिवस झोपलें नाहीं," ती म्हणाली. "मी तर कधीं ऐकलेंच नव्हतें. पंचवीस वर्षं की वर. ऐकत तुम्ही आलांत. तें कानाचें कार्ड तुमचेंच असेल, असें मज वाटलें. पण तुम्ही जाणार नाहीं. म्हणून मी घेतलें."

तिनं कार्डं पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "मज करायचें तें करा. पण उद्यां गुरुवार. तेथें कोण जाईल?"

मी तिला बाहेर जायला सांगितलं.

त्या रात्री ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं. मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही मी शोधत होते की ह्यात तिची चाल कुठे आहे. दोन कार्डांची गोष्ट रचलेली असेल. माझं मन विरघळावं म्हणून असेल. पण रचलेली असली तरी एक गोष्ट तिनं रचलेली नव्हती. बावीस वर्षं मी ऐकत होते. मुलं येत नाहीत म्हणून पोस्टात रडणाऱ्या आया, दवाखान्यातून आलेले निरोप, विहिरीवरचं कुलूप, सगळं नियमानुसार, पगार घेऊन. आणि एकदाही उठून कुठे गेले नव्हते. गेले होते ते एकदाच, पदर डोक्यावर घेऊन, तिच्यावर पाळत ठेवायला. मला त्या रात्री स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

गुरुवारी सकाळी मी मत लिहिलं. ऑपरेटरनं कॉल ऐकला. तोच कॉल मॉनिटरनंही ऐकला. ऑपरेटर गेली, मॉनिटर गेली नाही. फेब्रुवारीपासून ऑपरेटरची की खाली राहत होती हे माहीत असून मॉनिटरनं कळवलं नाही. साहेबांनी वाचलं, तिसरं वाक्य लाल पेन्सिलनं खोडलं आणि म्हणाले, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. चौकशी लांबली तर मुलीचं नाव फायलीवर येईल हे अनिरुद्धरावांच्या ध्यानात आलं आणि ते गप्प झाले. साहेबांनाही बंद होणाऱ्या खोलीसाठी कागद वाढवायचे नव्हते. सुंदरीच्या दोन वेतनवाढी थांबल्या, तिला बिलाच्या विभागात टाकलं, मला लेखी ताकीद मिळाली. डिसेंबरात बोर्ड उचलून नेला. सुंदरी पुढे निवृत्त झाली, पेन्शन पूर्ण मिळाली. बिलाच्या खिडकीवर कुणाचं बोलणं ऐकायचा प्रश्न नव्हता. तिथे लोक समोर येऊनच सांगायचे, आणि दोननंतर ती पुन्हा बसस्टँडकडे वळायची. देवाचं काम तिला सापडलं, का तिनंच एखादं उचललं आणि त्याला देवाचं नाव दिलं, हे मला आजही सांगता येत नाही. तिला विचारलं तर म्हणते, मजही ठाऊक नाहीं. दर जानेवारीत मी पुण्याहून फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलीस ना. ती म्हणते हौ. माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

पण त्या गुरुवारी काय झालं ते राहिलं. कागद देऊन मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोनच्या बसमध्ये बसले, पदर खांद्यावरच ठेवून. अनिरुद्धराव मला पाहून खूष झाले. वेळेवर सावध केलंस म्हणाले, वहिनींना कापी करायला सांगितली. नातेवाईक बाईला कोण अडवणार. मी कप खाली ठेवला आणि महालक्ष्मीला पाहून येते म्हणून परसात गेले. त्यांचा चेहरा उतरला.

विहिरीवर झाकण होतं, कडीला पितळी कुलूप. चिंचेच्या ढिगाशी महालक्ष्मी विळीवर बसली होती. हाताची हाडं दिसत होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा खाली पाहिलं. बसमध्ये मी पुष्कळ वाक्यं तयार केली होती, कशी आहेस, सहज आले, जवळच काम होतं. तिथं उभी राहिल्यावर ती सगळी खोटी वाटली. शेवटी जे म्हणायला मला फार जड गेलं तेच म्हटलं.

"महा, एप्रिलांत तुझे बाबा काकाशीं बोलले, तें मी ऐकलें. सगळें ऐकलें. आणि आलें नाहीं."

तिनं चिंच फोडणं थांबवलं नाही.  टेकायला जागा शोधत मी ढिगाच्या पलीकडे पाहिलं. तिच्यासमोर एक रिकामा पाट मांडलेला होता, आणि त्याच्यापुढे दुसरी विळी. गुरुवार होता. मी पाटावर बसले आणि एक चिंच उचलली.